सावडीतली वीज

सावड हा शब्द आमच्याकडे आता साठीपुढच्या माणसांच्याच तोंडी उरला आहे. आमच्याकडे म्हणजे शिरड शहापूरच्या शिवारात, औंढा आणि वसमत यांच्या मधल्या काळ्या रानात. ज्याच्या दावणीला एकच बैल असे, तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी सावड करी. दोघांची मिळून एक जोडी व्हायची आणि आज तुझे रान, उद्या माझे, अशी पाळी लागायची. ज्याच्या रानात काम, त्या दिवशीची वैरण त्याची. बैल लंगडला तर बोभाटा करायचा नाही, पण पुढच्या खेपेला अवजड काम सांगायचे नाही. हे कुठे लिहिलेले नव्हते. मृगाचा पाऊस होऊन वापसा आला की दोघांनाही एकाच दिवशी पेरायचे असे, आणि सावड खरी की खोटी हे तेव्हा कळे. उरलेल्या वर्षात सगळेच सज्जन असतात.

या जुन्या शब्दाची आठवण होण्याचे कारण अगदी नवे आहे. विजेच्या गाडीची बॅटरी नुसती भरून घ्यायची नाही, तर गरज पडेल तेव्हा तिच्यातली वीज घराला किंवा थेट तारांच्या जाळ्याला परत द्यायची, असे तंत्र जगात येऊ घातले आहे. त्याला दुहेरी चार्जिंग म्हणू. कल्पना तशी जुनी. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे विलेट केम्प्टन आणि त्यांचे सहकारी स्टीव्हन लेटेंड्रे यांनी १९९७ मध्येच ती मांडली होती. त्यांचा मुद्दा साधा होता : खासगी गाडी दिवसातले बावीस-तेवीस तास नुसती उभी असते. तेवढा वेळ तिच्या पोटातली साठवण लोकांच्या कामी का येऊ नये? २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर जपानमध्ये हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही, आणि गाडीवर घर चालवण्याची यंत्रे तिथे पुढच्याच वर्षी बाजारात आली. डेन्मार्कमध्ये २०१६ पासून विजेच्या व्हॅन ग्रिडला जोडून पाहिल्या गेल्या. भारतात आयआयटी मुंबई आणि केरळचे वीज मंडळ यांनी अशा प्रयोगासाठी हात मिळवले आहेत. आपल्या बाजारातल्या काही गाड्यांत याची धाकटी आवृत्ती आधीच आहे. २०२३ च्या नेक्सॉन ईव्हीला प्लग लावून सव्वातीन केव्हीएपर्यंतची उपकरणे चालवता येतात. ही वीज तारांत जात नाही, फक्त उपकरणाला मिळते.

आकडे आपल्या मापात मांडून बघू. अशा गाडीत साधारण चाळीस युनिट वीज मावते. खेड्यातल्या घराला दिवसाला तीन-चार युनिट लागतात, म्हणजे एका गाडीत एका घराचे दहा दिवस आहेत. पाच एचपीची मोटार तासाला चार युनिटच्या आसपास ओढते. म्हणजे तीच गाडी मोटारीच्या हिशेबात नऊ-दहा तासांची. एका घराला दहा दिवस की एका मोटारीला एक रात्र, हा हिशेब कुठल्या इंजिनिअरला सोडवता येणार नाही. त्याच्या खाली दुसराच प्रश्न आहे. माझ्या बॅटरीत असलेली वीज कोणत्या अर्थाने माझी?

पहिले उत्तर सोपे वाटते. मी पैसे मोजले, मीटर फिरले, वीज माझी. कणगीतली ज्वारी जशी माझी. पण ज्वारी आणि वीज यांत एक फरक आहे आणि तो मला मोठा वाटतो. ज्वारी काढणीनंतर वर्षभर पडून राहते. तारेतली वीज ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी खर्च व्हावी लागते. देशभरचे जाळे सेकंदाला पन्नास आवर्तनांच्या तालावर चालते. मागणी चढली आणि पुरवठा कमी पडला की ताल मंदावतो, उलट झाले की वाढतो. डिसेंबर २०१३ अखेरीस रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाला जोडले, तेव्हापासून शिरड शहापूरचा पंखा आणि मदुराईचा पंखा एकाच तालावर फिरतात. म्हणजे तारेतली वीज ही वस्तू कमी आणि पाळी जास्त आहे. मी बटण दाबतो तेव्हा एका सामाईक क्षणातला माझा वाटा उचलतो.

ही पाळी कशी मोडते ते आमच्याकडच्या 'ऑटो'ने शिकवले. शेतीची थ्री फेज एक आठवडा दिवसा आठ तास आणि एक आठवडा रात्री दहा तास, असा क्रम वर्षानुवर्षे चालत आला. रात्री दोनला उठून, सापकिरडू चुकवत मोटार चालू करायला जाणे कोणाला आवडेल? म्हणून स्टार्टरला ऑटो लागला. लाईट आली की मोटार आपोआप चालू. एका शेतकऱ्याने लावला तेव्हा ती सोय होती. सगळ्यांनी लावल्यावर लाईट येताच डीपीवरच्या पंचवीस मोटारी एका श्वासात सुरू होऊ लागल्या. मोटार सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. शंभरची डीपी तो धक्का किती दिवस सोसणार? ती जळते, मग वर्गणी, मग ट्रॅक्टर, मग वाट बघणे. यात लबाड कोणीच नाही. प्रत्येकाचा निर्णय शहाणपणाचा आहे आणि सगळ्यांचा मिळून निर्णय वेडा आहे. कपॅसिटर बसवा, ऑटो काढा, अशी विनंती दरवर्षी होते. पण मी एकट्याने ऑटो काढला तर डीपी वाचणार नाही, माझी हळद मात्र वाळेल. नीतिशास्त्राची पुस्तके हा पेच मोठ्या शब्दांत मांडतात. आमच्या पोरांना तो डीपीखाली उभे राहून कळतो.

(याच औंढा तालुक्यात लायगो-इंडिया उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी मंजूर केले. अब्जावधी वर्षांपूर्वी टकरलेल्या कृष्णविवरांची थरथर ती चार किलोमीटरच्या नळ्यांतून टिपणार आहे. पंचवीस मोटारींची थरथर टिपायला आम्हाला कोणतेच यंत्र लागत नाही.)

गेल्या रब्बीत अशीच डीपी जळाली आणि चार रात्री अंधार झाला. माझा मोठा चुलतभाऊ, आमचा दादा, आखाड्यावर राहतो. वसमतला त्याचे दुकान आहे, रोजच्या जाण्यायेण्यासाठी त्याने विजेची गाडी घेतली आहे. मी त्या दिवसांत नांदेडहून तिकडे गेलो होतो. पहिल्या रात्री शेजारच्या आखाड्यावरच्या आबांना धाप लागली. त्यांचे वाफेचे मशीन विजेवर चालते. दादाने गाडीला अडॅप्टर लावला, बोर्ड ओढून नेला, मशीन चालू झाले. त्याबद्दल कोणी काही बोलले नाही, कारण बोलण्यासारखे काही नव्हते. विहिरीवर आलेल्या माणसाला पाणी देताना पाणी कोणाचे हे विचारत नाहीत.

दुसऱ्या रात्री मोबाइल आले. दहा-बारा. मग बारावीतल्या एका मुलीसाठी दिवा. मग पिण्याच्या पाण्याची एक एचपीची मोटार. तिसऱ्या दिवशी एक जण म्हणाला, "दादा, माझी हळद सुकायली. तासभर मोटार चालंल का?" ती थ्री फेज, गाडीवर चालणेच शक्य नव्हते. नैतिक प्रश्नांना कधीकधी तांत्रिक अडचण वाचवते. पण चालली असती तर? दादा त्या रात्री माझ्याशी बराच वेळ यावर बोलला. आबांना नाही म्हणणे पाप होते, हे त्याला पक्के माहीत होते. हळदीला नाही म्हणणे पाप नव्हते, हेही माहीत होते. मधला दिवा, मधले मोबाइल, यांचे काय, तिथे त्याची गाडी अडली. "सकाळी मला वसमतला जायचं असतंय," तो म्हणाला, "आन् रातच्याला कुणाला दवाखान्यात न्यायची येळ आली तर गाडीत काय घालू?"

मग पैशांचे निघाले. आबांच्या सुनेने पैसे पुढे केले. दादाने हात मागे घेतला. दुसऱ्या दिवशी तिच्याकडून दुधाची चरवी आली, ती त्याने घेतली. मोबाइल लावणाऱ्या एकाने पन्नासची नोट बोनेटवर ठेवली आणि फोन पूर्ण भरेपर्यंत हलला नाही. इतर वाट बघत होते. दादा एवढेच म्हणाला, "त्यानं पैशे दिले आन् पाळी इकत घेतली." मला हे वाक्य फार नेमके वाटते.

कारण जगात दुहेरी चार्जिंगचा जो आराखडा मांडला जातो आहे तो जवळजवळ पूर्णपणे पन्नासच्या नोटेवर उभा आहे. संध्याकाळी दर चढे असताना तुमची गाडी वीज परत देईल, त्याचे पैसे तुम्हाला मिळतील, बाकीचे काम यंत्र करील. यात चूक काय? वरवर काहीच नाही. पण रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये रक्तदानावर लिहिलेल्या पुस्तकात हा मुद्दा काढला होता की रक्त विकत घेऊ लागलो की देणाऱ्याच्या मनातली देण्याची जागाच आकसते. इस्रायलमधल्या हैफा शहरातला प्रयोग तर प्रसिद्धच आहे. पाळणाघरात मूल न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना दंड लावला आणि उशीर करणारे वाढले. आधी ताटकळणाऱ्या बाईंची लाज वाटत होती, आता उशिराची किंमत भरता येत होती. दंड काढून टाकल्यावरही जुनी लाज परत आली नाही.

यावर कोणी म्हणेल, लाजेवर वीज चालत नसते. मान्य. पण आपल्याकडे वीस वर्षांपूर्वी दोन्ही प्रकार करून झाले आहेत आणि ते एकमेकांशेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत.

तो भारनियमनाचा काळ. वीज मंडळाची जून २००५ मध्ये विभागणी होऊन महावितरण झाली होती आणि मराठवाड्यातल्या खेड्यांत दहा-बारा तास लाईट नसणे नित्याचे होते. त्याच सुमारास 'अक्षय प्रकाश' नावाची योजना आली. गावाने मिळून ठरवायचे की संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत मोटार लावणार नाही, चक्की चालवणार नाही, तारेवर आकडा टाकणार नाही. बदल्यात घरातला दिवा-पंखा चालू राहील. कुलूप नव्हते, शब्द होता. जो मोडील त्याच्यामुळे अख्ख्या गावाचा दिवा जाणार, म्हणून शेजारीच पहारेकरी. पुढे गावठाणाची आणि शेतीची वाहिनी वेगळी करून तेच काम तारेने केले, आणि शब्दाची गरज संपली.

दुसरा प्रकार पुण्याचा. २००६ मध्ये पुण्याला गर्दीच्या वेळी सुमारे नव्वद मेगावॅट वीज कमी पडत होती. कारखान्यांकडे स्वतःची डिझेल जनित्रे पडून होती. सीआयआय या उद्योगसंघटनेने तोडगा काढला : कारखान्यांनी त्या तासांत आपापली जनित्रे चालवायची, तेवढी तारेवरची वीज शहरासाठी मोकळी होईल, आणि डिझेलचा जादा खर्च जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकांनी बिलातून भरायचा. नियामक आयोगाने मान्यता दिली आणि पुणे भारनियमनातून मुक्त झाले. खासगी मालकीची, एरवी पडून असलेली यंत्रे लोकांच्या गरजेच्या वेळी कामाला लावणे, हे दुहेरी चार्जिंगचेच तत्त्व. बॅटरीच्या जागी डिझेल, एवढाच फरक.

'पुणे मॉडेल' हुशारीचे होते. कोणाची वीज चोरून नेली नव्हती, उलट नवी तयार केली होती. त्यावर मराठवाड्याने रुसण्याचे कारण नाही, असे मला अनेकदा सांगितले गेले आहे. तरी मला त्यात एक गोष्ट खटकत आली, आणि तिला नीट शब्द अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाकडे सापडले. नायजेरियातली रेल्वे इतकी वाईट चालत असूनही सुधारत का नाही, या कोड्यातून त्याचे १९७० चे पुस्तक निघाले. उत्तर असे, की ज्यांच्याकडे ऐपत होती ते मालट्रककडे निघून गेले. तेच ओरडणारे होते. ते गेल्यावर रेल्वेकडे उरले ते न ओरडता सोसणारे. भारनियमनात एक क्रूर समता होती. एका फीडरवर सरपंचाची आणि सालगड्याची लाईट एकाच मिनिटाला जायची, आणि सरपंच फोन करायचा. मग सरपंचाने इन्व्हर्टर घेतला. फोन बंद झाला. पुण्याने तेच शहराच्या पातळीवर केले. जे सगळ्यांत मोठ्याने ओरडले असते ते रांगेतून बाहेर पडले.

म्हणून दुहेरी चार्जिंगकडे मी संशयाने आणि आशेने, दोन्ही नजरांनी बघतो. बॅटरी ही सामाईक क्षणातून बाहेर पडण्याची वाट आहे. इन्व्हर्टरने ती एकेरी वाट दिली. दुहेरी गाडी हे बाहेर पडण्याचे असे पहिले साधन आहे की ज्याला परतीची दोरी बांधलेली आहे. मालक रांगेबाहेर असतो, पण रांगेला त्याचा उपयोग असतो. ही दोरी किती लांब असावी आणि दुसरे टोक कोणाच्या हातात असावे, खरी चर्चा याची हवी.

माझे मत सांगतो. वीज कंपनीने माझ्या दारातल्या गाडीत हात घालण्याचा सरसकट हक्क मागू नये. दादाने आबांना दिले ते आबा समोर होते म्हणून. वाहिनीच्या दुसऱ्या टोकाला शॉपिंग मॉलचा एसी आहे की दवाखाना, हे न सांगता कोणी माझी बॅटरी उपसणार असेल, तर ती सावड नव्हे, वेठ आहे. शिवाय प्रत्येक भरणी-उपशाने बॅटरी थोडी म्हातारी होते. बैलाला काम सांगणाऱ्याने वैरण द्यावी, हा नियम इथेही लागतो, आणि म्हणून झिजेपुरता मोबदला देण्या-घेण्यात मला कमीपणा वाटत नाही. तो मोबदला दुधाच्या चरवीसारखा असावा. पन्नासच्या नोटेसारखा झाला की पैसेवाला पाळी विकत घेणार.

पण मालकानेही 'माझे ते माझे' म्हणून सुटू नये. आमचे गाव मल्लिनाथाच्या दिगंबर जैन क्षेत्रासाठी ओळखले जाते. मी जैन नाही, पण गावात वाढल्याने अपरिग्रह हा शब्द कानावरून गेलेला. त्यात गृहस्थासाठी एक सोपी पायरी आहे : परिग्रहपरिमाण. सगळे सोडू नकोस, पण किती ठेवणार त्याची मर्यादा तूच, आधीच, शांत डोक्याने ठरव. त्यापुढचे तुझे नाही. यातला 'आधीच' हा भाग मला महत्त्वाचा वाटतो. अंधार पडल्यावर, शेजारी दारात उभा असताना, प्रत्येकाला आपली गरज मोठी दिसते. दुहेरी चार्जरमध्ये नेमकी हीच सोय असते. बॅटरी अमुक टक्क्यांच्या खाली उतरू द्यायची नाही, हे मालक आधी नोंदवून ठेवतो. दवाखान्यापर्यंतची आणि परतीची वीज राखायची, बाकी पाळीला सोडायची. दादाच्या रात्रीच्या प्रश्नाला एवढे उत्तर पुरते, असे मला वाटते. मोबाइल की दिवा याला पुरत नाही. ते त्याला दर वेळी नव्याने ठरवावे लागेल, आणि कोणत्याही यंत्राने ते त्याच्याऐवजी ठरवू नये.

एक गोष्ट मात्र वाटाघाटीपलीकडची आहे. तिसऱ्या रात्री एका उत्साही पोराने सुचवले, "वायर उलटी बोर्डात घाला की, समदे आखाडे पेटतील." गाडीची वीज घराच्या बोर्डातून तारेवर सोडायची. जमले तर सगळ्यांचे भले. पण ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी चालतो. खालून चढलेले २३० व्होल्ट वर ११,००० होऊन निघू शकतात, आणि लाईन बंद आहे असे समजून खांबावर चढलेला वायरमन तिथेच जातो. म्हणूनच छतावरचे साधे सौर पॅनेल लाईट गेली की भर उन्हातही बंद पडते. लोक चिडतात, एवढे पैसे घालून उपयोग काय म्हणतात. ते बंद पडणे कोणातरी अनोळखी माणसाच्या जिवासाठी असते. दुहेरी चार्जिंगलाही हीच अट आहे : द्यायचे असेल तर आधी तारेपासून तुटता आले पाहिजे, आणि तारेत द्यायचे असेल तर तारेने मागितले तरच. भले करण्याची घाई झालेल्या माणसाला हे पटवणे अवघड जाते. दादाने त्या पोराच्या हातातून वायर काढून घेतली आणि गाडीत ठेवून कुलूप लावले.

राहता राहिले ते ज्यांच्याकडे बैलच नव्हता ते. सावडीत त्यांनाही जागा होती. जोडीच्या एका दिवसाबदल्यात ते दोन-तीन दिवस अंगमेहनत देत. नव्या हिशेबात त्यांनी काय द्यायचे? १ जुलै २०२५ पासून महावितरणच्या स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ऐंशी पैसे ते एक रुपया सवलत आहे. दिवसा सौर वीज मुबलक असते, तेव्हा वापरा, संध्याकाळी आवरा, असा त्याचा अर्थ. धोरण म्हणून ते बरोबर आहे. ज्याच्याकडे दुहेरी गाडी असेल तो दुपारी स्वस्तात भरील आणि संध्याकाळी महागात देईल, आणि त्याला वाहवाही मिळेल. आमच्या आखाड्यावर खुरपायला येणारी बाई सकाळी नऊला घराला कुलूप लावते आणि दिवे लागणीला उघडते. तिचा दिवा, तिचा पंखा, पोराचा अभ्यास, सगळे सातच्या पुढे. दिवसभर ती काहीच ओढत नाही आणि संध्याकाळी एका बल्बाएवढे ओढते. गर्दीच्या तासावर तिचा भार जवळजवळ नसतोच. न ओढलेल्या विजेचा रकाना मात्र तिच्या बिलात नाही.